‘मले वाटलं तुयापाशी असन’ : डोंगरावर जाताना सामान कुठं सुटतं आणि ते कसं आवरायचं

नऊ जण, साडेतीन किलो कांदे आणि आगपेटी एकाजवळही नाही. एका डिसेंबरात किल्ला उतरून पायथ्याच्या ओळखीच्या शेतात आम्ही रोडग्यांसाठी बसलो, तेव्हाचा हा हिशेब. गोवऱ्या रचून झाल्या, कणीक मळून झाली, वांगी चिरून झाली. मग कोणीतरी म्हणालं, "आगपेटी काढ बे." नऊही जण एकमेकांच्या तोंडाकडं पाहू लागले. प्रत्येकाचं उत्तर तेच: "मले वाटलं तुयापाशी असन." कांदे मात्र तिघांनी आणले होते.

आगपेटी नसली तर जेवण उशिरा होतं, बाकी काही बिघडत नाही. पण हेच वाक्य मी टॉर्चबद्दल ऐकलंय, मोटरसायकलच्या किल्लीबद्दल ऐकलंय आणि एकदा शुगरच्या गोळ्यांबद्दलही. हिवाळा लागला की गावातले पोट्टे, बचत गटाच्या बाया, शाळेचे मास्तर सगळे विचारतात, "भाऊ, डोंगरावर काय काय न्यायचं?" यादी दिली की ती व्हॉट्सअपवर फिरते, खाली अंगठे पडतात आणि व्हायचं ते होतंच.

इतक्या फेऱ्यांनंतर माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. सामान सांध्यावर सुटतं. घराचा उंबरठा, एसटीतून उतरून काळीपिवळीत बसणं, पायथ्याला गाडी लावणं, पहिला विसावा, माथ्यावरचं जेवण, मंदिराच्या पायऱ्या. चालत्या माणसाच्या हातून सहसा काही जात नाही. बसलेला माणूस उठतो तेव्हा जातं. म्हणून खालची सगळी मांडणी सांध्यांच्या क्रमानं केली आहे. क्रम मोडू नका. पहाटेचं काम आदल्या रात्री जमतं, पण आदल्या रात्रीचं काम पहाटे जमत नाही.

१. आठवडाभर आधी: जागा आणि परवानगी

आपल्या विदर्भातले बहुतेक डोंगर जंगलात आहेत. नरनाळा असो, गाविलगड असो की सातपुड्याचा आणखी कुठला कोपरा, तिथं वन विभागाचं फाटक लागतं. आत जायची वेळ, बाहेर पडायची वेळ, साप्ताहिक सुट्टी, शुल्क हे सगळं बदलत असतं. मागच्या वर्षी गेलेल्या मित्राच्या भरवशावर निघू नका. फाटकावर किंवा जवळच्या वन कार्यालयात फोन करून विचारा आणि उत्तर कागदावर लिहा.

व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात जिथं पायी जायला मनाई आहे तिथं मनाई आहे. "आपला माणूस आहे तिथं" हे कारण वाघाला आणि अस्वलाला कळत नाही.

इथं सगळ्यात जास्त विसरलं जातं ते ओळखपत्र. आधार कार्ड फोनमध्ये आहे म्हणून लोक निश्चिंत असतात आणि फाटकावर पोचेस्तोवर फोनला रेंज नसते. एक साधी झेरॉक्स पन्नीत घालून आजच झोल्यात टाका.

तपासा: फाटक उघडायची आणि बंद व्हायची वेळ गटातल्या किमान दोघांना तोंडपाठ आहे का?

२. चार दिवस आधी: वस्तूपुढं माणसाचं नाव

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात, आणि कांद्यांचा प्रकार इथूनच सुरू होतो.

यादीत "टॉर्च, दोरी, औषधं, आगपेटी, मीठ" असं लिहिलं की त्या वस्तू सगळ्यांच्या होतात, म्हणजे कोणाच्याच होत नाहीत. यादीचे दोन भाग करा. पहिला भाग ज्याचं त्यानं न्यायचं: पाणी, टॉर्च, दुपट्टा, स्वतःच्या गोळ्या, जेवण, पावसाळ्यात रेनकोट, हिवाळ्यात स्वेटर. दुसरा भाग गटासाठी एकच: औषधाची पेटी, दोरी, शिट्टी, जास्तीची पॉवर बँक, खाली स्वयंपाक करणार असाल तर आगपेटी आणि मीठ. या दुसऱ्या भागातल्या प्रत्येक वस्तूपुढं एकाच माणसाचं नाव लिहा. दोन नावं लिहिली की दोघंही दुसऱ्यावर टाकतात.

मग त्या माणसाकडून होकार घ्यायचा, तोही बोलून. अंगठ्याचं चित्र म्हणजे होकार नव्हे. आमच्यात तर उलट म्हणून घेतात: "माझ्याकडं आगपेटी आणि मीठ." स्वतःच्या तोंडानं म्हटलेलं माणूस सहसा विसरत नाही.

औषधांसाठी नियम थोडा वेगळा आहे. ज्याला शुगर, बीपी, दमा आहे त्याच्या गोळ्या किंवा दम्याचा पंप दोन ठिकाणी ठेवायचा. एक भाग त्याच्या खिशात आणि एक भाग सोबत्याच्या झोल्यात. झोला हरवला, दरीत गेला, वानरानं ओढला तरी दुसरा असतो. आणि सोबत्याला ते औषध कशाचं, कधी द्यायचं हे माहीत असलं पाहिजे. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेतलं आणि चढताना जेवण राहून गेलं तर साखर खाली येऊ शकते. घाम सुटतो, हात थरथरतात, माणूस असंबद्ध बोलायला लागतो. तेव्हा लगेच साखर किंवा गूळ द्यायचा. म्हणून गुळाचा खडा प्रत्येकाच्या खिशात हवा, डब्यात नको.

सावध: एकाच मोठ्या बॅगेत सगळ्यांचं सामान भरू नका. ती बॅग घेणारा मागं राहिला की पुढचे सगळे रिकाम्या हातानं बसतात.

३. आदल्या दिवशी: दिवसा उजेडी भरणं

रात्री जेवण झाल्यावर भरू म्हणता आणि लाइन जाते. खेड्यात राहणाऱ्यानं हे गृहीत धरूनच चालावं. मी एकदा अंधारात चाचपडत बूट बाहेर काढून ठेवले आणि पहाटे अर्धवट झोपेत तसेच घालून निघालो. पायथ्याला पोचल्यावर डावा पाय करकचला. पाहतो तर उजवा बूट माझा, आठ नंबरचा, आणि डावा धाकट्या भावाचा, सात नंबरचा. दोन्ही काळे, दोन्ही एकाच दुकानातले. त्या दिवशी मी किल्ला पाहिला तो पायथ्यावरूनच.

तर, दुपारी चारच्या आत हे उरका:

फोन आणि पॉवर बँक चार्जिंगला लावा. पॉवर बँक भरली पण केबल भिंतीलाच राहिली, हे इतक्या वेळा झालंय की मी आता केबल पॉवर बँकेला रबरानं बांधूनच ठेवतो. जिथं जायचं त्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या, म्हणजे रेंज नसतानाही तो उघडतो.

टॉर्च लावून पाहा, पाच मिनिटं जळू द्या. मग त्यातला एक सेल उलटा करून ठेवा. झोल्यात दाबलं जाऊन टॉर्च आपोआप लागते आणि संध्याकाळी हवी तेव्हा मेलेली असते. उलट्या सेलनं हे टळतं. फक्त सेल उलटा आहे हे विसरू नका. टॉर्चवर चिकटपट्टी लावून तसं लिहा.

बूट घालून अंगणात दहा मिनिटं चाला. तळवा सुटलेला बूट घरात कळतो तेव्हा त्याचं हसू येतं, डोंगरात कळतो तेव्हा येत नाही. नवे कोरे बूट त्या दिवसासाठी ठेवू नका. आधी आठवडाभर शेतात जाताना वापरा.

सगळं सामान आधी खाटेवर मांडा आणि यादीशी ताडून मगच झोल्यात भरा. हे करताना यादीवर खूण कधी करायची? वस्तू झोल्यात गेल्यावर. पुष्कळ जण वस्तू पाहिल्यावर खूण करतात, आणि मग ती वस्तू खाटेवरच राहते.

झोल्यात क्रमही पाहा. संध्याकाळी लागणारं तळाशी, वाटेत लागणारं वर, हे लोकांना पटतं. पण टॉर्च आणि औषध याला अपवाद आहेत. ती दोन्ही बाहेरच्या कप्प्यात, रोज एकाच जागी. अंधारात सगळा झोला उलटा करायची वेळ आली की निम्म्या वस्तू तिथंच राहतात.

४. निघायची पहाट: उंबरठ्याचा सांधा

पहाटेसाठी फक्त तीनच गोष्टी शिल्लक ठेवा: पाणी भरणं, डबा घेणं, चार्जिंगचा फोन काढणं. या तिन्हींत डबा सगळ्यात जास्त राहतो, कारण तो स्वयंपाकघरात असतो आणि आपण दाराकडून निघतो. उपाय एकच सापडलाय. रात्री गाडीची किल्ली डब्याच्या जागी ठेवायची. एसटीनं जाणाऱ्यानं पाकीट ठेवावं. किल्लीशिवाय निघता येत नाही, म्हणजे डब्यापाशी जावंच लागतं.

डब्यात काय, याचा उपदेश वैदर्भीय माणसाला कोणी करू नये. पोळी, ठेचा, फल्लीदाणे, गूळ, मुरमुरे. हे आंबत नाही आणि सांडत नाही. वरण-भात डोंगरावर नेणाऱ्याला मी काही बोलत नाही, त्याचा झोलाच त्याला बोलतो.

निघण्याआधी घरातल्या एका माणसाला तीन गोष्टी सांगा: कुठं चाललो, कोणासोबत, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची. ही तिसरी गोष्ट कोणी नीट ठरवून सांगत नाही. मग घरचे एकतर संध्याकाळी पाचला घाबरतात, नाहीतर रात्री दहापर्यंत निवांत बसतात.

तपासा, दारातच उभं राहून: पाणी, डबा, टॉर्च, गोळ्या, फोन, पैसे. सहा शब्द, मोठ्यानं, प्रत्येक शब्दाला हात त्या वस्तूला लागला पाहिजे.

५. गाडी बदलताना

परतवाडा, अकोट, मोर्शी, कुठंही उतरा, पुढं काळीपिवळी किंवा ऑटो असतोच. एसटीच्या फळीवर ठेवलेली बॅग तिथंच राहते, कारण बस थांबली की सगळ्यांना आधी उतरायचं असतं. एक माणूस ठरवा जो सगळ्यांत शेवटी उतरेल आणि वरची फळी व सीटखालची जागा पाहील. तोच माणूस परतीच्या वेळीही.

काळीपिवळीच्या टपावर सामान चढवलंत तर किती नग चढवले ते मोजा आणि गाडीच्या नंबरचा फोटो घ्या. गाडी निघून गेल्यावर "पिवळी होती, वर काळी पट्टी होती" हे वर्णन स्टँडवर काही कामाचं नाही.

६. पायथ्याशी: किल्लीचा सांधा

मोटरसायकलनं जाणाऱ्यांचे निम्मे घोटाळे इथले आहेत. गाडी लावली, हेल्मेट अडकवलं, फोटो काढले आणि किल्ली गाडीलाच. दुसरा प्रकार याहून वाईट. किल्ली खिशात नीट असते, पण ती ज्याच्या खिशात तो माथ्यावर थांबलेल्या टोळीत असतो आणि गाडीवर घरी जाणारे दोघं आधीच खाली आलेले असतात. आमच्या गटात एकदा दोघं दुपारी तीनला उतरले आणि किल्ली साडेपाचला उतरली.

म्हणून:

किल्ली चालवणाऱ्याच्या चेनच्या खिशात, आणि दुसरी किल्ली मागं बसणाऱ्याकडं. गट फुटणार असेल तर फुटण्याच्या जागीच "किल्ली कोणाकडं?" हा प्रश्न मोठ्यानं विचारायचा. हँडल लॉक, दिवे बंद, पेट्रोलचा काटा पाहिलेला. परतीच्या वाटेवर पंप किती दूर आहे ते येतानाच बघून ठेवा. मेळघाटाच्या बाजूला पंप लवकर भेटत नाही.

पायथ्याच्या गावातल्या कोणाला तरी, चहावाल्याला का होईना, सांगा की आम्ही इतके जण वर चाललोय आणि इतक्या वाजता उतरू. गाडीपाशी राहणाऱ्या त्या माणसानं सहापर्यंत वाट पाहून चौकशी केली तर ती वेळेत होते.

माहितीच्या फलकाचा फोटो घ्या. तिथं असतो तो नकाशा कितीही फिका असला तरी वर गेल्यावर आठवणीपेक्षा बरा.

आता फोन फ्लाइट मोडवर टाका. रेंज शोधत बसलेला फोन खिशात पडल्या पडल्या बॅटरी खातो, आणि संध्याकाळी लागतो तेव्हा तो लाल झालेला असतो. दर तासाला एकदा चालू करून पाहिला तरी पुरतं.

सावध: नरनाळ्याला वरपर्यंत गाडीरस्ता आहे आणि गाविलगड चिखलदऱ्याला लागून आहे. त्यामुळं लोक पाण्याची एक बाटली घेऊन आत शिरतात. दोन्ही किल्ल्यांचा आतला पसारा मोठा आहे. गाडी जवळ आहे म्हणून झोला गाडीत ठेवू नका.

७. चढताना: उठा, वळा, मोजा

लेखातला हाच टप्पा नीट वाचा, बाकीचं घाईत वाचलं तरी चालेल.

पहिला विसावा बहुधा वीस-पंचवीस मिनिटांनी होतो. धाप लागलेली असते, घाम येत असतो. बाटली दगडावर, दुपट्टा फांदीवर, चष्मा मांडीवर, फोन कठड्यावर. मग पुढचा ओरडतो "चला रे", आणि सगळे उठतात. त्या क्षणी नजर वर, वाटेकडं असते. मागं कोणी पाहतच नाही.

आमची पद्धत अशी:

पहिलं, बसायच्या आधी ठरवायचं की झोल्यातून काढलेली वस्तू झोल्याच्या तोंडापाशीच राहील. दगडावर नाही, फांदीवर नाही.

दुसरं, "चला" म्हटल्यावर सगळे उठतात आणि दोन पावलं पुढं टाकतात. मग थांबून मागं वळतात. ही दोन पावलं महत्त्वाची. बसल्या जागेवरून आपल्याला आपल्या बुडाखालचा रुमाल दिसत नाही, दोन पावलांवरून दिसतो.

तिसरं, मोजणी. पण "सगळे आले का?" असं विचारायचं नाही, कारण जो नाही तो उत्तर देत नाही. जोड्या लावा. प्रत्येकानं आपल्या जोडीदाराचं नाव घ्यायचं. अकरा जण असतील तर एक तिघांची जोडी. सगळ्यांत मागं चढणभर एकच माणूस ठेवा, त्याला आम्ही शेपटी म्हणतो. शेपटीच्या मागं कोणीही राहायचं नाही, लघवीला जायचं असलं तरी सांगूनच.

पाण्याबद्दल. उन्हात चढताना दर तासाला अर्धा लिटर तरी लागतं. दिवसभराच्या फेरीला माणशी तीन लिटर धरा. आपल्याकडं ऑक्टोबरचं ऊन उन्हाळ्याला लाजवतं, तेव्हा आणखी एक. शेवटची एक लिटरची बाटली उतरणीची. तिच्या झाकणाला दोरा बांधा आणि माथा सोडेपर्यंत तो सोडू नका. ओआरएसची पुडी नेली तर ती पुडीवर लिहिलेल्या मापानंच करायची. मोठी पुडी एक लिटरची असते. अर्ध्या बाटलीत अख्खी पुडी ओतणारे मी पाहिलेत; खारट पाण्यानं उलटी होते आणि होतं तेही पाणी जातं.

वाटेला फाटा फुटला की तिथंही वळून मागं पाहा. उतरताना तोच फाटा उलट्या बाजूनं दिसतो आणि ओळखू येत नाही. फोटो काढायचाच तर तो खालच्या बाजूला तोंड करून काढा. ओळखीची खूण मनात धरा: वाकडा साग, पांढरा दगड, वारूळ. "त्या झाडापाशी" ही खूण जंगलात चालत नाही.

वानरांचंही सांगून ठेवतो. देवस्थान आणि किल्ल्यांच्या वाटेवर वानरं हातातली पन्नी पाहून येतात. पन्नीचा आवाज झाला की आलेच. खाणं डब्यात, डबा झोल्यात, झोल्याची चेन बंद.

तपासा, प्रत्येक विसाव्याला: जोडीदार, बाटली, फोन, चष्मा.

नागद्वारच्या यात्रेला जाणाऱ्यांसाठी वेगळे दोन शब्द

नागपंचमीच्या सुमारास आपल्या भागातून गाड्या भरभरून मध्य प्रदेशात पचमढीला, नागद्वारच्या गुहेतल्या नागदेवाच्या दर्शनाला जातात. तो डोंगर वेगळा नाही, पण पाऊस, धुकं आणि गर्दी तिन्ही एकदम असतात. तिथं वस्तूंपेक्षा माणसं चुकतात.

फोन ओला होऊन बंद पडला की नंबर कोणालाच पाठ नसतो. म्हणून घरचा एक आणि गटातले दोन नंबर कागदावर लिहून, पन्नीत गुंडाळून, लहान पोरांच्या आणि म्हाताऱ्यांच्या आतल्या खिशात शिवून टाका. प्रत्येक टप्प्याला चुकल्यास भेटायची जागा आधी ठरवा. चुकलेल्यानं शोधत फिरायचं नाही. शेवटच्या ठरलेल्या जागी थांबायचं.

गुहेबाहेर चपला काढताना जोडी दोरीनं बांधून झोल्यात घ्या. हजारो चपलांच्या ढिगात आपली ओळखणारा मला अजून भेटायचाय. तिथून पुढचा सगळा रस्ता दगडाचा आणि चिखलाचा आहे, तो अनवाणी होत नाही.

नाला भरून आला असेल तर पाणी उतरेपर्यंत अलीकडं थांबा. वर कुठं पाऊस झाला हे इथून दिसत नाही.

८. माथ्यावर: परतीची वेळ

माथ्यावर वस्तू तर राहतातच, पण त्याआधी लोक घड्याळ विसरतात.

परतीची वेळ खालीच ठरवा, आणि ती मागून मोजत या. अमरावती-अकोल्याकडं डिसेंबरात सूर्य पावणेसहाच्या आसपास मावळतो. दरीत आणि दाट सागात त्याच्या अर्धा तास आधीच काळोख दाटतो. म्हणजे पाचला पायथा गाठायचा. उतरायला दोन तास, आणि कोणाचा पाय मुरगळला, वाट चुकली तर त्यासाठी एक तास. माथा सोडायची वेळ झाली दोन. आता दोन वाजता माथ्यापासून अर्ध्या तासावर असलात तरी वळायचं. इथं गटात भांडणं होतात, "इतक्या दूर आलो ना बाप्पा" म्हणतात. म्हणून वेळ ठरवणारा आणि ती पाळायला लावणारा माणूस वेगळा नसावा, एकच असावा. फोनचा गजर लावा. फ्लाइट मोडवरही गजर वाजतो.

जेवण झाल्यावर उठा-वळा-मोजा हेच, फक्त सावकाश. डब्याची झाकणं, चमचे, चाकू मोजून भरा. कचरा पन्नीत घालून खाली आणायचा.

विस्तव हा माथ्यावर विसरायची वस्तूच नव्हे. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आपल्याकडं वणव्याचा हंगाम धरतात. अर्धवट विझलेली बिडी वाळल्या गवतात पडली की पुढं काय होतं ते मेळघाटाच्या काठावर राहणाऱ्याला सांगायला नको. चहाची हौस खाली येऊन भागवा. आगपेटी खाली गाडीच्या डिकीत ठेवायची, तिच्यापुढं नाव असलेल्या माणसानं.

थंडीचंही एक. उंची हजार मीटर वाढली की हवा साधारण सहा अंशांनी थंड होते. चिखलदरा समुद्रसपाटीपासून १११८ मीटरवर आहे. पायथ्याला घाम आला म्हणून स्वेटर गाडीत टाकून वर जाणारे सूर्य कलल्यावर दुपट्ट्यात गुरफटून बसलेले दिसतात.

९. उतरताना

काम झालं असं वाटतं तिथंच पाय घसरतो. गुडघे थकलेले असतात, बूट सैल झालेले असतात. माथा सोडण्याआधी नाड्या पुन्हा आवळून बांधा, नाहीतर अंगठा बुटाच्या टोकावर आपटून नख काळं पडतं. टॉर्च बाहेर काढून सेल सरळ करा, उजेड असतानाच. शेपटीचा माणूस बदला. सकाळपासून मागं चालणारा आता कंटाळलेला असतो आणि कंटाळलेला माणूस मोजत नाही.

पळत उतरणारे पोट्टे प्रत्येक गटात असतात. त्यांना पुढच्या फाट्यापर्यंतच सोडा. फाट्यावर सगळे गोळा झाल्याशिवाय कोणीही पुढं जायचं नाही. आमच्याकडून माणूस चुकला तो दोनदा, आणि दोन्ही वेळा पुढं पळालेलाच चुकला. मागं राहिलेला म्हातारा कधीच नाही.

१०. तरीही काही राहिलंच तर

वस्तू आठवते तेव्हा पहिली ऊर्मी पळत परत जायची असते. बसा. पाणी प्या. मग हे चार प्रश्न, याच क्रमानं:

ती शेवटची कुठं पाहिली? "वर कुठंतरी" हे उत्तर आलं तर जायचं नाही.

तिच्याशिवाय आज घरी पोचता येतं का? बाटली, टोपी, डबा, गॉगल: येतं. सोडून द्या. दम्याचा पंप, चष्मा, एकुलती किल्ली: विचार करावा लागेल.

जाऊन परत यायला किती वेळ, आणि उजेड किती? दोन्ही सारखेच येत असतील तर जाऊ नका. उजेड दुप्पट हवा.

कोण जाणार? किमान दोघं, पाणी आणि टॉर्च घेऊन. ज्याची वस्तू राहिली तो बहुधा सगळ्यांत जास्त घाबरलेला असतो, त्याला एकट्याला कधीच सोडू नका. बाकीच्यांनी तिथंच बसून राहायचं, पुढं सरकायचं नाही.

माणूसच कमी भरला तर वेगळं. सगळे थांबा. शिट्टी तीन वेळा, मग एक मिनिट पूर्ण शांतता. बहुतेक गट इथं चुकतात, कारण ते सतत ओरडतात आणि उत्तर ऐकायला थांबत नाहीत. उत्तर आलं नाही तर दोघं शेवटच्या मोजणीच्या जागेपर्यंत मागं जातील, बाकीचे जागचे हलणार नाहीत. चौफेर पांगून शोधायला गेलात तर एकाऐवजी चार जण हरवतात. अर्ध्या तासात सापडला नाही, किंवा अंधार जवळ आला, तर मदत मागवा: ११२ हा आणीबाणीचा क्रमांक, १०८ रुग्णवाहिका, १९२६ वन विभागाची हेल्पलाइन. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी ११२ दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यावरून लागू शकतो, म्हणून लावून पाहा. बोलणं होत नसेल तर घरी एसएमएस टाका. कमजोर रेंजमध्येही तो कधी कधी निघून जातो.

अंधारात जंगलातून चालत राहू नका. विशेषतः मोहफुलांच्या दिवसांत अस्वलं पहाटे-संध्याकाळी मोहाखाली असतात. एका मोकळ्या जागी एकत्र बसून, टॉर्च लावून, बोलत राहणं बरं.

सावध: फाटकावर किंवा चहावाल्याला सांगून वर गेला असाल तर उतरल्यावर त्यालाही सांगा. तुम्ही घरी झोपलेले आणि गावकरी टॉर्च घेऊन डोंगरात, असं होऊ नये.

११. घरी आल्यावर

आधी फोन, ज्याला सकाळी वेळ सांगून निघालात त्याला. मग झोला पूर्ण रिकामा करा, दुसऱ्या दिवसावर टाकू नका. गटाच्या वस्तू ज्याच्या त्याला त्याच रात्री परत. दोरी तुमच्याकडं राहिली तर पुढच्या खेपेला दोरीवाल्याला वाटेल ती तुमच्याकडं आहे आणि तुम्हाला वाटेल ती त्याच्याकडं आहे.

यादीच्या मागच्या बाजूला काय विसरलं ते लिहा, कोणाचं नाव न घालता. पुढच्या वेळी नवी यादी बनवू नका, हीच वापरा.

कपडे गरम पाण्यात टाका, अंघोळ करा आणि अंग नीट तपासा: काखा, जांघा, कानामागं, कमरेचा पट्टा. गवतात बसल्यावर गोचीड आणि त्याहून बारीक किडे चिकटतात. गोचीड निघाली तर चिमट्यानं कातडीजवळ धरून सरळ ओढा, जाळू नका, रॉकेल लावू नका.

आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर दवाखान्यात सगळं सांगतात पण एक गोष्ट विसरतात: जंगलात गेलो होतो, ही. बारीक किड्यांच्या चाव्यातून स्क्रब टायफस होतो, विदर्भात त्याचे रुग्ण सापडलेले आहेत. मेळघाटात हिवतापही आहे. दोन्हींवर औषध आहे, पण डॉक्टरला शंका यायला हवी. चाव्याच्या जागी सिगारेटनं भाजल्यासारखी काळी खपली असेल तर तीही दाखवा, दुखत नसली तरी. कोणत्या तारखेला कुठं गेलो होतो हे यादीच्या मागं लिहिलेलं असतंच; तो कागद सोबत न्या.